पट्टा आणि परीक्षा (भाग ५) : मुलांना ब्लॅक बेल्ट कधी द्यावा?

जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये ज्युदोत डॅन श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, सुरू केली, हे गेल्या भागात पाहिले. तिचे पहिले दोन मानकरी, साइगो आणि तोमिता, सतरा-अठरा वर्षांचे होते. आज आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे ब्लॅक बेल्ट बांधलेले फोटो पेपरात येतात. त्यामागची मुलांची मेहनत खरी असते. पण मोठ्यांच्या आणि त्यांच्या कमरेला एकच पट्टा असावा का?

यावर सर्वांत विचारपूर्वक उत्तर तायक्वांदोने शोधले आहे. सोलच्या कुक्कीवॉन या मुख्य संस्थेच्या नियमानुसार पंधरा वर्षांखालील मुलाला डॅन मिळत नाही, ‘पूम’ मिळतो. त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. पहिल्या पूमनंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी दोन वर्षे थांबावे लागते. मुलाचे कौतुकही होते आणि ते अजून मूल आहे, हे पट्टाच सांगतो. मला ही पद्धत मनापासून पटते. एक गोष्ट मात्र खटकते. पंधरावे वर्ष पूर्ण झाले की अर्ज करून पूमचे रूपांतर त्याच क्रमांकाच्या डॅनमध्ये करून घेता येते. नवव्या वर्षी पहिला पूम मिळवलेले मूल बाराव्या वर्षी तिसऱ्यापर्यंत पोहोचू शकते आणि पंधराव्या वर्षी थेट थर्ड डॅन होऊ शकते. मधल्या काळात उंची, वजन, ताकद सगळे बदललेले असते. तेव्हा एक नवी परीक्षा हवीच.

ब्राझिलियन जुजुत्सूची आंतरराष्ट्रीय संघटना याहून कडक आहे. पंधरा वर्षांपर्यंत पांढरा, राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा एवढेच रंग. निळा सोळाव्या वर्षी आणि काळा एकोणिसाव्या वर्षाआधी नाहीच.

कराटेत शैली अनेक, संघटना त्याहून अनेक. त्यामुळे वयाची अट क्लासगणिक बदलते आणि सगळा भार सरांच्या सचोटीवर येतो. काही ठिकाणी मुलांना ‘शोदान-हो’ म्हणजे तात्पुरता ब्लॅक बेल्ट देतात. तो मार्ग चांगला आहे.

परीक्षेत काय घ्यावे, हेही महत्त्वाचे. काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, नेमका यावा, फाइटमध्ये हात-पाय ताब्यात राहावेत, लहान जोडीदाराला सांभाळून घेता यावे. मुठीने कौले फोडायला मात्र लावू नये. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, तिला इजा झाली तर हाडाची वाढ बिघडू शकते. पट्टा काळा झाला म्हणून पंचवीस किलोचे मूल धटिंगणाला रोखू शकत नाही, हेही त्याला स्पष्ट सांगावे. तेव्हा पळून जाणे आणि मोठ्याने ओरडणे हाच खरा बचाव.

पालकांनो, ग्रेडिंगची फी भरण्याआधी सरांना विचारा : प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचे, तिची वयाची अट काय, दोन परीक्षांमध्ये किती काळ जायला हवा आणि मूल नापास झाले तर पुढे काय? ज्या क्लासमध्ये कोणीच कधी नापास होत नाही, तिथला पट्टा घेऊ नका.