प्रयोगशाळेतील जैवसुरक्षा : प्रशिक्षणाची गरज आणि स्वरूप

रुग्णालय म्हटले की डॉक्टर, परिचारिका आणि खाटेवरील रुग्ण हे चित्र नजरेसमोर येते. ज्या अहवालावरून उपचारांची दिशा ठरते, तो तयार करणारी प्रयोगशाळा मात्र सहसा दृष्टीआड राहते. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने दिवसभर हाताळणाऱ्या तंत्रज्ञास समोरच्या नळीत कोणता रोगजंतू आहे, हे तपासणी पूर्ण होईपर्यंत ठाऊक नसते. म्हणूनच प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे मानून हाताळणे, हा जैवसुरक्षेचा पहिला नियम होय. आमच्या देणगीदारांना व हितचिंतकांना या विषयाची ओळख व्हावी आणि त्यावरील खर्च कशासाठी हे समजावे, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

धोका कोठे असतो?

सुई टोचणे हा सर्वपरिचित धोका. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता साधारणतः हजारात ३ इतकी असते. लस न घेतलेल्या व्यक्तीस ‘ब’ प्रकारची कावीळ होण्याची शक्यता मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ज्या रोगाची धास्ती कमी आणि ज्यावर लस सहज उपलब्ध आहे, त्याचाच धोका अधिक मोठा आहे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. रॉबर्ट पाइक यांनी १९७६ साली प्रयोगशाळांतून झालेल्या ३,९२१ संसर्गांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी एखाद्या ज्ञात अपघाताशी संबंध जोडता आला, असे संसर्ग एक पंचमांशाहूनही कमी होते. उरलेल्यांपैकी अनेकांमागे हवेत तरंगणारे सूक्ष्म तुषार असावेत, असे मानले जाते. नळीचे झाकण झटक्याने उघडणे, पिपेटमधील शेवटचा थेंब जोराने बाहेर ढकलणे, सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटणे, अशा किरकोळ वाटणाऱ्या कृतींतून ते निर्माण होतात.

आपल्याकडील उदाहरणही बोलके आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर वनज्वराचा विषाणू आढळला. त्याचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील, काही कर्मचाऱ्यांनाही पुढे त्याची लागण झाली. १९७८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे एका वैद्यकीय छायाचित्रकार महिलेचा देवीने मृत्यू झाला. त्या विषाणूवर काम करीत नव्हत्या. त्यांचे काम त्याच इमारतीत, देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर होते. प्रयोगशाळेतील धोका तिच्या दारापाशी थांबत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

जोखमीचे मूल्यमापन

प्रयोगशाळांचे जैवसुरक्षेच्या दृष्टीने चार स्तर मानले जातात. रुग्णालयातील नेहमीचे काम बहुधा दुसऱ्या स्तरात मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या जैवसुरक्षा पुस्तिकेच्या २०२० मधील चौथ्या आवृत्तीत मात्र स्तरांपेक्षा प्रत्यक्ष कामातील जोखमीच्या मूल्यमापनावर भर दिला आहे. क्षयरोगाचेच उदाहरण घ्यावे. खेळती हवा असलेल्या जागी थुंकीचा नमुना काचपट्टीवर पसरविण्यात जोखीम तुलनेने कमी असते. तेच जंतू प्रयोगशाळेत वाढविले की त्यांची संख्या प्रचंड होते आणि जोखीमही तशीच वाढते. जंतू एकच, पण काम बदलले की खबरदारी बदलते. हा विवेक तंत्रज्ञाच्या अंगी बाणविणे, हेच प्रशिक्षणाचे खरे उद्दिष्ट होय.

प्रशिक्षणात काय असते?

हातमोजे व मुखपट्टी म्हणजेच सुरक्षा, हा समज प्रथम दूर करावा लागतो. धोकादायक कृती टाळता येईल का, हे आधी पाहावयाचे. नंतर जैवसुरक्षा कपाटासारखी साधने, त्यानंतर कामाची शिस्त आणि सर्वांत शेवटी अंगावरील संरक्षक साहित्य, असा हा क्रम आहे. जैवसुरक्षा कपाटातील हेपा गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते. परंतु कपाटात हात भराभर आत-बाहेर केल्यास हवेचा पडदा मोडतो आणि महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते.

त्यापुढील भाग प्रात्यक्षिकाचा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावावयाचे नाही. नमुना सांडल्यास त्यावर शोषक कापड टाकून जंतुनाशक कडेकडून मध्याकडे ओतावयाचे आणि पुरेसा वेळ थांबून मगच पुसावयाचे. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा संशय आल्यास यंत्र बंद करून ३० मिनिटे झाकण उघडावयाचे नाही. या गोष्टी वाचून नव्हे, तर हाताने वारंवार करूनच अंगवळणी पडतात.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कर्मचाऱ्यांना रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे, तसेच ‘ब’ कावीळ व धनुर्वात यांच्या लसी देणे बंधनकारक आहे. प्रयोगशाळेतील कचऱ्यावर जागीच पूर्वप्रक्रिया करावी लागते. ही तरतूद तंत्रज्ञाइतकीच पिशव्या उचलणाऱ्या सफाई कामगारासाठी आहे. म्हणून त्यालाही, तो कंत्राटी असला तरी, या प्रशिक्षणात बसविले पाहिजे, अशी आमची धारणा आहे.

अपघाताची नोंद

सुई टोचल्यावर एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. बोलणी बसतील या भीतीने कर्मचाऱ्याने घटना लपविली, तर हा मोलाचा अवधी निघून जातो. म्हणून घटना कळविणाऱ्यास दोष न देता प्रथम उपचार आणि मग कारणांचा शोध, हे धोरण प्रशिक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे.

खर्चाविषयी थोडेसे

यंत्रासाठी देणगी मिळते, कारण यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. प्रशिक्षणावर पाटी लावता येत नाही. जमाखर्चात त्यावरील खर्च दिसतो. टळलेला संसर्ग कोणत्याही रकान्यात दिसत नाही. तरीही धर्मादाय संस्थेत तुटपुंज्या वेतनावर निष्ठेने काम करणाऱ्या तंत्रज्ञाने कामावरून घरी आजार नेऊ नये, ही आमची जबाबदारी आहे. दात्यांनी यापुढे या कामाचाही विचार करावा, ही विनंती. रुग्ण व नातेवाईकांनी नमुन्याच्या डबीचे झाकण घट्ट लावून ती बाहेरून कोरडी व स्वच्छ द्यावी. एवढे सहकार्यही मोठे आहे आणि ते सर्वांकडून लाभेल, असा विश्वास वाटतो.