लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा

जून 2020. शाळा बंद होत्या, आमचा वर्ग मोबाईलवर भरत होता. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी झाल्याचे फोटो घरोघर फिरू लागले आणि पाठोपाठ मेसेज आले : हा अल्लाहचा अजाब आहे, कयामत जवळ आली. सहावीतल्या एका मुलीने घाबरून विचारले, "सर, हे खरं आहे का?" आम्ही "नंतर सांगतो" म्हणून टाळले, कारण उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. कुदरतीच्या निशाण्यांवर विचार करा, असे कुरआन वारंवार सांगतो. आपण मात्र विचार न करता मेसेज पुढे ढकलतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. रंग आला होता हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे. उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला, तसे हे जीव भराभर वाढले आणि त्यांच्यातील गुलाबी रंगद्रव्य पाण्यात दिसू लागले.

आर्किया जीवाणूंसारखे दिसतात, पण ते जीवाणू नव्हेत. 1977 मध्ये अमेरिकेत कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांची शाखाच वेगळी असल्याचे दाखवले. काही उकळत्या झऱ्यांत राहतात, तर काही गाईम्हशींच्या पोटात. गोबरगॅसमधला मिथेन तेच बनवतात.

लोणच्यात आपण मीठ का घालतो? मीठ जंतूंच्या पेशीतले पाणी ओढून घेते. हॅलोआर्किया मात्र पेशीत पोटॅशियमचे क्षार भरून घेतात, म्हणजे आतबाहेर तोल राहतो. इतक्या क्षारात साधी प्रथिने गोळा होऊन निकामी होतील. यांच्या प्रथिनांवर ऋणभार जास्त असल्याने ती पाणी धरून ठेवतात. पण या सोयीची किंमतही आहे : गोड्या पाण्यात टाकले तर यांच्यातले बहुतेक फुटून मरतात! मीठ ते नुसते सोसत नाहीत, मिठाशिवाय त्यांचे चालतच नाही.

आणखी एक नवल. यांचे पूर्वज मिथेन बनवणारे, ऑक्सिजन न सोसणारे होते. जीवाणूंकडून सुमारे हजार जनुके मिळाली आणि त्यांची राहणीच पालटली, असे संशोधकांनी 2012 मध्ये मांडले. आज हॅलोआर्किया ऑक्सिजनवर जगतात.

त्यांना पाहायला लोणारलाच जावे लागते असेही नाही. मिठागरात पाणी आटत आले की तेही लालसर होते. त्याच मिठातून हे जीव आपल्यापर्यंत येतात. कुर्बानीची कातडी मीठ लावून ठेवली आणि उचलायला उशीर झाला, तर त्यांवर कधी कधी लाल डाग पडतात, व्यापारी भाव पाडतो आणि नुकसान मदरशाचे होते. तो डाग रक्ताचा नसतो, बहुधा याच मंडळींचा असतो. समुद्राचे मीठ, दमट हवा आणि ऊब मिळाली की ते वाढतात.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा राहून गेलेले उत्तर आम्ही दिले. कातड्यांचे ऐकून ती हसली. "म्हणजे सर, मीठ लावून आपणच त्यांना दावत देतो!"