दस्त्याला तडा का जातो?

बंदुकीचा लाकडी दस्ता बहुतेकदा मुठीत धरायच्या बारीक जागी किंवा लोखंड लाकडात बसते तिथे चिरतो. दर बाराला बसणारा धक्का हे एक कारण. स्क्रू सैल पडले की तो धक्का एकाच जागी बसतो आणि चीर लाकडाच्या रेषांच्या दिशेने धावते.

दुसरा शत्रू म्हणजे तेल. बंदूक वर्षानुवर्षे नळी वर करून ठेवली की वंगण खाली उतरते, लाकूड काळे आणि मऊ पडते.

अमेरिकेत अनेक हौशी शिकारी तडा सांधण्याचे काम घरीच करतात. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री, मग लोखंडी भाग पूर्ण सोडवणे. तेलकट लाकडावर गोंद धरत नाही, म्हणून चीर अ‍ॅसिटोनने धुतात, खडूची पूड थापून तेल शोषून घेतात. कंटाळवाणे काम, पण अर्धे यश इथेच. मग चीर हलकेच फाकवून एपॉक्सी आतपर्यंत मुरवायचे, रबरी नळी घट्ट गुंडाळायची आणि साधारण २४ तास हात लावायचा नाही. मोठ्या चिरेत पितळी पिन आडवी बसवतात.

पश्चिम बंगालमधल्या इशापूर कारखान्याने तर ली-एनफील्ड रायफलच्या पुढच्या लाकडात असा आडवा स्क्रू आधीच बसवला.

भारतात मात्र घरगुती प्रयोग नको. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूकदुरुस्तीच्या कामाला परवाना लागतो.