घाम न येणारा चट्टा आणि त्वचेचे थर

ब्रह्मपुरी : उन्हाळ्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या नोंदींमध्ये ब्रह्मपुरीचे नाव हटकून येते. पारा ४५ अंशांपलीकडे गेला की अंगाला घामाच्या धारा लागतात. अशा वेळी पाठीवर किंवा दंडावर एखादाच फिकट चट्टा कोरडा राहत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत कुष्ठरोग अद्याप संपलेला नाही आणि त्या कोरडेपणाचे कारण त्वचेच्या रचनेत आहे.

आपल्याला दिसते ती बाह्यत्वचा. पापणीवर ती अगदी पातळ, तर तळपायावर दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तिच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात, वर सरकताना मरतात आणि कालांतराने गळून पडतात. त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही याच तळच्या रांगेत बनते. कोड उठते तेव्हा बिघाड असतो तो या रंगपेशींत. त्यामुळे डाग पांढरा दिसला तरी स्पर्श कळतो. लोक मात्र कोडालाच अधिक घाबरतात.

कुष्ठरोगाचा घाला त्याखालच्या अंतस्त्वचेवर. तेथे रक्तवाहिन्या, घर्मग्रंथी, केसांची मुळे आणि स्पर्श, उष्णता व वेदना टिपणारे चेतातंतू असतात. नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला जंतू नेमका या तंतूंना ग्रासतो. तंतू निकामी झाले की घाम थांबतो, लव विरळ होते, संवेदना हरपते. चट्टा दुखत नाही, म्हणून रुग्ण दवाखान्यात जात नाही. खरी अडचण हीच. पुढे हातापायांच्या मोठ्या नसा बाधित झाल्या, तर तेंदूपाने तोडताना रुतलेला काटा किंवा चुलीचा चटकाही कळत नाही. जखमा चिघळतात. रोगाने बोटे आपोआप झडतात हा समज चुकीचा आहे. ती जातात या नकळत झालेल्या जखमांमुळे.

याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले, तेव्हा आजच्यासारखी खात्रीची उपचारपद्धती नव्हती. आता बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतो. जंतू मरतात, मात्र दीर्घकाळ बाधित राहिलेली नस बहुधा पूर्ववत होत नाही. त्यामुळे डोळे मिटून चट्ट्यावर कापसाचा धागा फिरवावा आणि तो कळला नाही, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.