एकाच कानाने कमी ऐकू येते? दुर्लक्ष करू नका

नागापूर एमआयडीसीत किंवा साखर कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाला कमी ऐकू येऊ लागले, तर घरात कोणाला नवल वाटत नाही. ‘वय झाले, मशीनचा आवाज बाधला’ म्हणून विषय संपतो. पण वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा, असे आम्हांस वाटते. वय आणि यंत्राचा आवाज बहुधा दोन्ही कानांना बाधतात. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, त्याच कानात सतत आवाज घुमत असेल, फोनवरचे शब्द कळत नसतील, चालताना तोल जात असेल, तर कारण निराळे असू शकते.

अंतर्कर्णातून मेंदूकडे ऐकण्याची व तोलाची नस जोडीने जाते. तोलाच्या नसेच्या आवरणावर कधी कधी गाठ येते. ती कर्करोगाची नसते. काही गाठी वर्षाला एक-दोन मिलिमीटर वाढतात, काही वाढतही नाहीत. पण नस दबून गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही. गाठ फार वाढल्यास मेंदूवरही दाब येतो.

ही गाठ हाडाच्या अरुंद बोळात असते. कानात पाहून ती दिसत नाही. सीटी स्कॅनमध्येही लहान गाठ निसटते. एमआरआयमध्ये चुंबक व रेडिओलहरींनी चित्र घेतात. शिरेतून गॅडोलिनियमचे औषध दिले की ज्वारीच्या दाण्याहून लहान गाठही उजळून दिसते. गाठ लहान असतानाच सापडली, तर नुसती नजर ठेवणे, किरणोपचार की शस्त्रक्रिया, हे शांतपणे ठरवता येते.

घाबरण्याचे कारण नाही. एका कानाने कमी ऐकणाऱ्या शंभरांत जेमतेम दोन-तीन जणांनाच अशी गाठ निघते. आधी श्रवणचाचणी करावी. दोन्ही कानांत फरक निघाल्यास एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारावे. लोणीचे प्रवरा रुग्णालय व विळद घाटातील विखे पाटील रुग्णालय येथे कान-नाक-घसा विभाग आहेत. ऐकू येणे एकाएकी गेले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

लेथ किंवा वेल्डिंगचे काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, पेसमेकर बसवला असेल, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल, तर तपासणीपूर्वी अवश्य सांगावे.

खर्चाचे काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील समाजसेवा विभागात तपासणीच्या सवलतीचीही चौकशी करावी. ही भीक नव्हे, हक्क आहे.

आजच घरातील प्रत्येकाने फोन एकदा उजव्या, एकदा डाव्या कानाला लावून पाहावा. फरक जाणवला, तर उद्यावर टाकू नये.