इंडियन लिजनचे बाहुचिन्ह

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात दाखल झालेल्या भारतीय स्वयंसैनिकांच्या गणवेशावरील ढालीच्या आकाराचे कापडी चिन्ह. ते उजव्या बाहीवर दंडाच्या ठिकाणी शिवलेले असे. त्यावर केशरी, पांढरा व हिरवा असे आडवे पट्टे, त्यांवर झेपावणारा वाघ आणि माथ्यावरील पांढऱ्या पट्टीत काळ्या रोमन अक्षरांत ‘स्वतंत्र भारत’ या अर्थाचे जर्मन शब्द असत.

सुभाषचंद्र बोस १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचल्यावर ही पलटण उभारण्यात आली. उत्तर आफ्रिकेत पकडलेले युद्धकैदी हे तिचे मुख्य मनुष्यबळ असून संख्या सु. ३,००० होती. जर्मन दप्तरी ती ९५० वी पायदळ रेजिमेंट होय. शिखांचे फेटे वगळता पोशाख सर्वस्वी जर्मन, छातीवर गरुड व स्वस्तिकही तेच. त्यामुळे सैनिक कोणत्या देशाचा, हे बहुधा या ढालीवरूनच कळते.

अशा ढाली इतर परकी स्वयंसैनिकांनाही दिल्या होत्या. स्पॅनिश ढालीवर तांबडा-पिवळा-तांबडा असे आडवे, तर फ्रेंच ढालीवर निळा-पांढरा-तांबडा असे उभे पट्टे असत. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत केशरी व हिरवा हे दोन्ही रंग करड्या छटांत उतरतात. म्हणून रंगापेक्षा पट्ट्यांची दिशा आणि वाघाची आकृती यांवर भिस्त ठेवावी लागते. ऑगस्ट १९४४ मध्ये ही पलटण वाफेन-एसएसकडे वर्ग झाली. तिच्यासाठी वाघाचे मस्तक असलेल्या गळपट्ट्या तयार झाल्या. परंतु त्या सर्रास वापरल्याचा सबळ पुरावा नाही. केवळ अशा गळपट्टीवरून छायाचित्राचा काळ ठरविणे धोक्याचे असते.

आग्नेय आशियातील आझाद हिंद सेनेशी या पलटणीची गल्लत नेहमी होते. सावंतवाडी परिसरातील जगन्नाथराव भोसले ज्या सेनेत उच्चाधिकारी होते, ती ही नव्हे. त्या सेनेचा पोशाख मुख्यतः ब्रिटिश धर्तीचा खाकी होता. उलट, इटलीत ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या भारतीय डिव्हिजनांचीही स्वतःची बाहुचिन्हे होती. नामदेव जाधव यांची मराठा बटालियन ज्या ८ व्या डिव्हिजनमध्ये होती, तिचे चिन्ह पिवळ्या क्लोव्हर फुलांचे होते. चिन्ह चुकीचे वाचले, तर घरातील छायाचित्रातला सैनिक भलत्याच बाजूचा ठरतो.

संग्राहकांच्या बाजारात या ढालींच्या नकला पुष्कळ आहेत. युद्धोत्तर काळातील अनेक धागे जंबुपार किरणांत चकाकतात, अस्सल जुने धागे सहसा चकाकत नाहीत. मात्र जुन्या कापडालाही नंतरच्या धुलाईने अशी चकाकी येऊ शकते. त्यामुळे विणकाम आणि मागील बाजूचे धागे पाहिल्याविना निर्णय करीत नाहीत.