इलेक्ट्रिक गिटार

1929 साली रेल्वेने ठाकुर्लीजवळ वीजघर सुरू केले. ते आता बंद झाले आहे. तेथे ज्या नियमाने वीज तयार होत असे, त्याच नियमावर इलेक्ट्रिक गिटार वाजते. हा नियम मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने 1831 साली शोधला.

गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. त्यात लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार छेडली, की वेटोळ्यात अगदी थोडी वीज निर्माण होते. ती केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते. तेथे ती वाढते आणि स्पीकरमधून मोठा आवाज येतो. म्हणूनच या गिटारला नायलॉनच्या तारा चालत नाहीत.

जुनी गिटार विकत घेताना प्रत्येक तार वाजवून पाहावी. आवाज आला नाही, तर लगेच नवा पिकअप आणू नये. आधी आवाजाचे बटण पाहावे, मग केबल बदलून पाहावी. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या आत वीज साठून राहू शकते. तिचा जबर धक्का बसतो. ते काम जाणकार कारागिराकडेच द्यावे. थोडे पैसे वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालू नये.